घटना चालू असताना : पोलीस कारवाईचे थेट प्रक्षेपण

पोलिसांची कारवाई संपल्यावर तिची बातमी देणे आणि ती चालू असताना ती दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यात बातमीदाराला पंचनामा पाहता येतो, दोघातिघांचे म्हणणे ताडून घेता येते, मृतांचा आकडा रुग्णालयातून पक्का करता येतो. दुसऱ्यात शेवट कोणालाच ठाऊक नसतो. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोलिसालाही नाही आणि स्टुडिओतल्या निवेदकालाही नाही. ओलीसनाट्य, गोळीबार, पाठलाग, इमारतीत दबा धरून बसलेला हल्लेखोर अशा प्रसंगी कॅमेरा सुरू होतो तेव्हा बातमी अजून घडायचीच असते. शिवाय ज्याच्याविरुद्ध कारवाई चालली आहे त्याच्याही हातात फोन किंवा समोर टीव्ही असू शकतो. तोही प्रेक्षकच असतो. थेट वार्तांकनाचे बहुतेक नियम आणि त्यावरचे बहुतेक वाद या एका वस्तुस्थितीतून निघाले आहेत.

अशी घटना घडल्याचे वाहिनीला कळते ते बहुधा माणसांकडून. मुंबईत क्राइम बीटवरच्या बातमीदाराची खरी पुंजी म्हणजे त्याच्या फोनमधले नंबर: पोलीस ठाण्याचा ड्युटी ऑफिसर, नियंत्रण कक्षातला ओळखीचा कर्मचारी, भायखळ्याला अग्निशमन दलाचा कंट्रोल, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष, मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या पोलीस चौक्या. पोलीस बोलायला तयार नसले तरी जखमींना कुठल्या रुग्णालयात नेले हे अग्निशमन दलाकडून किंवा रुग्णवाहिकेच्या चालकाकडून कळते आणि तिथल्या चौकीतून बाकीचा अंदाज येतो. जिल्ह्यांत हे काम स्ट्रिंगर करतो. तो तालुक्याच्या गावी राहतो, त्याला बातमीमागे मानधन मिळते, आणि पुष्कळदा घटनास्थळी पहिला कॅमेरा म्हणजे त्याच्या हातातला मोबाइलच असतो. गेल्या दशकभरात या साखळीत व्हॉट्सॲपचे गट आणि बघ्यांनी काढलेल्या चित्रफिती यांची भर पडली. त्यामुळे खबर लवकर येते, पण जुनी किंवा दुसऱ्याच शहरातली चित्रफीत ताजी म्हणून हातात पडण्याचा धोकाही तितकाच वाढला आहे.

अमेरिकेत या कामाला पोलिसांच्या बिनतारी संभाषणाची जोड होती. तिथल्या वृत्तकक्षांत स्कॅनर नावाचे यंत्र दिवसरात्र सुरू असे आणि असाइनमेंट डेस्कवरचा माणूस एका कानाने ते ऐकत बाकीची कामे उरकत असे. आता अनेक शहरांच्या पोलिसांनी हे संभाषण सांकेतिक केले आहे. शिकागोत ते अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकायला मिळते. भारतात पोलिसांचे वायरलेस पत्रकारांसाठी कधीच खुले नव्हते. म्हणून इथली गुन्हे पत्रकारिता ओळखींवर उभी राहिली आणि तिचे गुणदोषही ओळखींचेच आहेत. माहिती झटकन मिळते, पण ज्याने ती दिली त्याला दुखवणे अवघड होऊन बसते.

खबर आली की असाइनमेंट डेस्क जवळात जवळचा बातमीदार आणि कॅमेरामन धाडतो. ते पोहोचेपर्यंत फोनो चालतो, म्हणजे बातमीदार टॅक्सीत किंवा रेल्वे फलाटावर असताना फोनवरून बोलतो आणि पडद्यावर त्याचा फोटो आणि नकाशा दिसतो. या टप्प्यावर त्याच्याजवळ निवेदकापेक्षा फारसे जास्त काही नसते, तरी प्रश्न मात्र तो घटनास्थळी उभा असल्यासारखे विचारले जातात. ‘तिथे नेमकी काय परिस्थिती आहे?’ हा प्रश्न अजून वाटेत असलेल्या माणसाला विचारला जातो तेव्हा उत्तरात अंदाज शिरतोच.

पूर्वी थेट चित्र पाठवायला छतावर तबकडी असलेली ओबी व्हॅन लागे. ती उभी करायला मोकळी जागा हवी, उपग्रहाच्या दिशेला उंच इमारत आडवी नको आणि वेळ आधी राखून ठेवायला हवा. आता पाठीवरच्या पिशवीतल्या उपकरणाने काम भागते. ते अनेक सिमकार्डांचे मोबाइल जाळे एकत्र बांधून चित्र पाठवते, त्यामुळे गल्लीबोळातूनही प्रक्षेपण होऊ शकते. त्याची अडचण घटनास्थळीच निघते: हजारभर बघे जमून सगळेच चित्रफिती पाठवू लागले की जाळे गुदमरते आणि ऐन वेळी चित्र थिजते. तेव्हा जुनी ओबी व्हॅनच कामी येते.

घटनास्थळी पोलीस दोरी किंवा बॅरिकेड लावतात आणि कॅमेरे तिच्या बाहेर उभे राहतात. कॅमेरामनचा पहिला शोध उंच जागेचा असतो. समोरच्या इमारतीची गच्ची मिळाली, एखाद्या रहिवाशाने गॅलरी उघडून दिली, तर पोलिसांच्या फळीच्या मागचे सगळे दिसू लागते. कमांडो कुठून चढत आहेत, नेमबाज कोणत्या खिडकीत आहे, शिडी कुठे लावली जात आहे, हे जमिनीवरच्या बघ्याला न दिसणारे दृश्य वरून स्वच्छ टिपता येते. चित्र म्हणून ते उत्तम असते आणि नेमके तेच दाखवू नये असे असते. कॅमेरा किती जवळ न्यायचा, चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचा पहिला निर्णय त्या गच्चीवर एकटा उभा असलेला कॅमेरामन करतो, आणि त्याला हे कोणी शिकवलेले असेलच असे नाही.

दुसरा निर्णय प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये होतो. समोर पडद्यांची भिंत, त्यात आपले दोनतीन फीड आणि बाकी सगळ्या प्रतिस्पर्धी वाहिन्या. पॅनेल प्रोड्युसर निवेदकाच्या कानात सूचना देत असतो, टिकरवाला खालच्या पट्ट्या बदलत असतो आणि मधूनच कोणीतरी म्हणते, ‘समोरच्यांनी चालवलंय.’ या दोन शब्दांचा दबाव फार मोठा असतो. मृतांचा आकडा एका वाहिनीने वाढवला की दुसरी तो ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हणून घेते. पहिली मग दुसरीकडे पाहून निश्चिंत होते आणि कोणीच रुग्णालयाला फोन केलेला नसतो. चालू घटनेतले आकडे सुरुवातीला चुकणे बव्हंशी अपरिहार्य आहे. ते कोणाकडून आले हे न सांगणे अपरिहार्य नाही.

थेट पोलीस कारवाई हा दूरचित्रवाणीचा नित्याचा कार्यक्रम सर्वांत आधी झाला तो लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या केटीएलए या केंद्राने १९५८ मध्ये हेलिकॉप्टरवर कॅमेरा बसवून थेट चित्र पाठवायला सुरुवात केली. रुंद महामार्ग, स्वच्छ आकाश आणि पळून जाणाऱ्या मोटारी यांमुळे पाठलागाचे हवाई चित्रण ही त्या शहराची खासियत बनली. १७ जून १९९४ रोजी खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन पांढऱ्या फोर्ड ब्रॉन्को गाडीतून निघाला, मागे पोलिसांच्या गाड्या आणि वर वाहिन्यांची हेलिकॉप्टरे. एनबीसीने बास्केटबॉलचा अंतिम फेरीतला सामना पडद्याच्या एका भागात ढकलून पाठलाग दाखवला. महामार्गावरच्या पुलांवर माणसे हात हलवत उभी राहिली. ती टीव्ही पाहूनच तिथे आली होती. चार वर्षांनी, ३० एप्रिल १९९८ रोजी, त्याच शहरातल्या एका महामार्गावर एका माणसाने आत्महत्या केली आणि ती थेट दिसली. काही केंद्रांनी त्यासाठी मुलांचे कार्यक्रम थांबवले होते. त्यानंतर दूरचे चित्र ठेवणे आणि प्रक्षेपण काही सेकंद उशिरा सोडणे या पद्धतींवर भर वाढला. पण विलंबाचे यंत्र स्वतःहून काही करत नाही. २८ सप्टेंबर २०१२ रोजी फॉक्स न्यूजवर ॲरिझोनातला पाठलाग चालू असताना विलंब लावलेला होता, तरी चित्र वेळेत तोडले गेले नाही आणि आणखी एक आत्महत्या देशभर दिसली. निवेदकाने लगेच प्रेक्षकांची माफी मागितली. २००७ मध्ये फीनिक्समध्ये पाठलागावर असलेली दोन वाहिन्यांची हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून चौघे मरण पावले. तिथले वैमानिक हेलिकॉप्टर चालवता चालवता बातमीही सांगत असत.

मुंबईला थेट प्रक्षेपणाचा धडा २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मिळाला आणि त्याची किंमत मोठी होती. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या तेव्हा नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या: झी २४ तास आणि स्टार माझा २००७ मध्ये, आयबीएन लोकमत २००८ मध्ये. रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्यात गोळीबार झाल्याची खबर आली तेव्हा अनेक ठिकाणी ती आधी टोळीयुद्ध म्हणून गेली. लगोलग छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, कामा रुग्णालय अशी नावे येत गेली. एका हल्ल्याला पाठवलेला बातमीदार दुसऱ्याच हल्ल्यात सापडत होता. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे टर्मिनसबाहेर शिरस्त्राण आणि जाकीट चढवत असल्याचे दृश्य वाहिन्यांनी दाखवले. थोड्याच वेळात कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत ते आणि पोलीस अधिकारी अशोक कामटे व विजय साळसकर मारले गेले. त्यांचीच गाडी पळवून निघालेल्या हल्लेखोरांनी मेट्रो सिनेमाजवळ जमलेल्या पोलिसांवर, पत्रकारांवर आणि बघ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि तो क्षणही कॅमेऱ्यांत टिपला गेला.

पुढचे तीन दिवस ताज आणि नरिमन हाऊससमोर कॅमेऱ्यांच्या रांगा लागल्या. २८ तारखेच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले, ते जगाने थेट पाहिले. हल्लेखोर आत असताना त्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी फोन चालू होते आणि भारतीय यंत्रणांनी ते संभाषण टिपले. त्यातून स्पष्ट झाले की सूत्रधार टीव्ही पाहत होते आणि पाहिलेले आत कळवत होते: बाहेर काय हालचाल आहे, घुमटाला लागलेली आग कशी दिसते आहे, हॉटेलात कोण महत्त्वाची माणसे अडकली आहेत. एका हिंदी वाहिनीने तर हल्लेखोर म्हणवणाऱ्यांचे फोन थेट प्रसारित केले. २८ तारखेलाच टर्मिनसवर पुन्हा गोळीबार झाल्याची बातमी फिरली आणि ती खोटी निघाली. शहरभर दुकाने आणि कार्यालये बंद होऊन माणसे घराकडे धावली. त्या दिवशी पोलिसांच्या आदेशाने केबलवरच्या वृत्तवाहिन्या काही काळ बंदही करण्यात आल्या. त्यातून अफवा थांबण्याऐवजी वाढल्या, कारण टीव्ही एकाएकी काळा पडला की लोक सर्वांत वाईट तेच गृहीत धरतात.

२९ ऑगस्ट २०१२ रोजी या हल्ल्यात जिवंत पकडलेला हल्लेखोर अजमल कसाब याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या वार्तांकनावर स्वतंत्रपणे लिहिले. न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांच्या खंडपीठाचे म्हणणे नेमके होते. या प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष कोणी जवान जखमी झाला किंवा मेला हे सिद्ध करता येणार नाही, पण सुरक्षा दलांचे काम त्यामुळे कठीण आणि धोक्याचे झाले यात शंका नाही. तीच दृश्ये कारवाई संपल्यावर दाखवता आली असती, फक्त तेव्हा त्यांचा थरार राहिला नसता आणि टीआरपीही मिळाला नसता. माध्यमांचे नियमन आतूनच व्हावे या युक्तिवादाला वाहिन्यांनी स्वतःच धक्का लावला, असेही न्यायालयाने म्हटले. वाहिन्यांच्या बाजूने एवढे नोंदवायला हवे की त्या रात्री त्यांना काय दाखवू नका हे सांगणारा एकही अधिकृत माणूस बराच काळ उपलब्ध नव्हता. दोरी कुठे लावायची हेही ठरलेले नव्हते. ही उणीव प्रशासनाची होती. मात्र तिने गच्चीवरच्या कॅमेऱ्याचा निर्णय योग्य ठरत नाही.

मुंबईचा प्रसंग पहिला नव्हता. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले तेव्हा पोलीस छपरावर चढत असल्याचे टीव्हीवर दिसत होते आणि इमारतीतही टीव्ही होता. तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मुंबईनंतर दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट २०१० रोजी, मनिलात एका बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ताब्यात घेतली. बसमध्ये टीव्ही होता. आपल्या भावाला पोलीस फरफटत नेत असल्याचे त्याने त्यावर पाहिले आणि तो बिथरला. आठ पर्यटक मारले गेले. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमधल्या ज्यू दुकानावरच्या हल्ल्यात काही ग्राहक तळघरातल्या शीतकक्षात लपले होते, आणि तिथे कोणी लपले असल्याचा उल्लेख हल्लेखोर जिवंत असतानाच एका वाहिनीवर झाला. लपलेली माणसे वाचली आणि पुढे त्यांनी वाहिनीविरुद्ध तक्रार केली.

भारतात वाहिन्यांच्या संघटनेने मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरातच स्वतःसाठी नियम केले: ओलिसांची संख्या आणि ओळख सांगू नये, सुटकेच्या मोहिमेचा तपशील देऊ नये, हल्लेखोरांशी थेट संपर्क साधू नये. सरकारी नियम आला तो मार्च २०१५ मध्ये. केबल टेलिव्हिजन नियमांतल्या कार्यक्रम संहितेत भर घालून, दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत तिचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी घालण्यात आली आणि वार्तांकन नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरते मर्यादित झाले. पठाणकोट हवाई तळावरच्या हल्ल्याच्या वार्तांकनावरून नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीटीव्ही इंडिया एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश या नियमाखाली निघाला. तीच माहिती इतरत्रही आली होती असे वाहिनीचे म्हणणे होते. टीका झाल्यावर आदेश स्थगित करण्यात आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने याच नियमाची आठवण पुन्हा करून दिली.

हा नियम दहशतवादविरोधी कारवाईपुरता आहे. एखाद्या माथेफिरूने इमारतीत कोणाला डांबून ठेवले, बँकेत दरोडेखोर अडकले, जमावावर लाठीमार झाला, तर तो आपोआप लागू होत नाही. तिथे वाहिनीचा विवेक आणि पोलिसांची विनंती एवढेच उरते. आणि सरसकट बंदी घालणेही योग्य नाही, कारण पोलिसांच्या हातून जे घडते त्याचा कॅमेरा हा बहुधा एकमेव तटस्थ साक्षीदार असतो. १० जुलै २०२० रोजी अटकेतला गुंड विकास दुबे याला उज्जैनहून कानपूरला नेणाऱ्या पोलिसांच्या ताफ्यामागे वाहिन्यांच्या गाड्या होत्या. कानपूरजवळ त्या अडवल्या गेल्या आणि थोड्याच वेळात पोलिसांची गाडी उलटून चकमकीत तो मारला गेला. न्या. बी. एस. चौहान यांच्या चौकशी आयोगाला पोलिसांचे म्हणणे खोटे ठरवणारा पुरावा मिळाला नाही. त्या अखेरच्या टप्प्याचे चित्रणच नव्हते. याच्या नेमके उलट १५ एप्रिल २०२३ ला प्रयागराजमध्ये घडले. पोलीस कोठडीतले माजी खासदार अतिक अहमद आणि त्यांचा भाऊ रुग्णालयाच्या आवारात पत्रकारांशी चालता चालता बोलत असताना, पत्रकार म्हणून त्या घोळक्यात मिसळलेल्या तिघांनी त्यांना कॅमेऱ्यांसमोर गोळ्या घातल्या. आरोपीला बूम माइकच्या घोळक्यातून नेण्याची पद्धत पोलिसांनी आणि वाहिन्यांनी मिळूनच रूढ केली होती. ती किती धोक्याची आहे हे त्या रात्री दिसले.

पोलिसांकडून येणारी माहितीही तपासून घ्यावी लागते. ब्रीफिंग करणारा अधिकारी घटनेचा पक्षकार असतो. अटक झालेल्याला तो सहज ‘गुन्हेगार’ म्हणून जातो आणि पट्टीवर तोच शब्द चढतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करण्यास केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितले, ते आरोपीच्या आणि पीडिताच्या हक्कांकडे बोट दाखवूनच. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची आणि अल्पवयीनांची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहेच. थेट प्रक्षेपणात ती मोडते ती बहुधा हेतूने नव्हे. मागे घराची पाटी दिसते, शेजारी नाव घेऊन बोलतो, आणि शब्द हवेत गेल्यावर परत घेता येत नाही.

कारवाई संपते आणि ओबी व्हॅन निघून जातात तेव्हा चित्रणाचे दुसरे आयुष्य सुरू होते. प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रण वाहिन्यांना नव्वद दिवस जपून ठेवावे लागते. पण तपासाला बहुधा हवे असते ते प्रसारित न झालेले मूळ चित्रण: न कापलेले, वेळेच्या नोंदीसह. ते न्यायालयात सादर करताना पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र लागे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागते. मूळ कार्ड कोणाच्या ताब्यात होते, नक्कल कोणी केली, याची साखळी दाखवावी लागते. २६/११ च्या खटल्यात टर्मिनसवर छायाचित्रे काढणारे सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर हे दोन वृत्तछायाचित्रकार साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि त्यांची छायाचित्रे पुराव्यात आली. त्यांपैकी एकही चित्र हल्ला चालू असताना कोणाच्या टीव्हीवर थेट दिसत नव्हते.